'दऱ्या' आणि 'दर्या' : अक्षरजुळणीच्या एका मुक्त लायब्ररीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याकडील मुलखात डोळखांब हे गाव आहे. त्याच्या पूर्वेस घाटमाथ्याची भिंत उभी असून तिच्या अंगाने दऱ्या खाली उतरतात. पश्चिमेस बरेच अंतर गेल्यावर दर्या लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत डोळखांबकडील दऱ्या आणि डहाणूचा दर्या एकाच जिल्ह्यात मोडत असत, आणि त्या जिल्ह्याचे वर्णन करू जाणाऱ्यास हे दोन्ही शब्द एकाच पानावर लिहिण्याचा प्रसंग येई. दोहोंच्या लेखनातला भेद एका 'र'च्या आकृतीपुरता आहे. 'दर्या'तील र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'तील र 'य'च्या डाव्या अंगास लहानशा आडव्या वक्ररेषेने दाखविला जातो.

हा भेद लेखकाच्या लहरीचा नव्हे. 'दर्या' म्हणताना र् मागच्या अक्षराशी सांधला जातो, त्या अक्षरावर आघात येतो आणि ते गुरू होते. 'दऱ्या' म्हणताना र् आणि य् दोन्ही पुढच्या स्वराकडे जातात, मागच्या 'द'वर आघात येत नाही आणि तो लघूच राहतो. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांतला फरक व्याकरणाच्या वर्गात विनोदाने सांगितला जातो खरा. पण त्यामागे मराठीच्या रूपविचाराचा एक मोठा भाग उभा आहे. 'रा'कारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'ऱ्या'कारान्त होते : वारा–वाऱ्याने, उतारा–उताऱ्यावर. 'री'कारान्त पुल्लिंगी नामाचेही तेच होते : शेतकरी–शेतकऱ्याला, कातकरी–कातकऱ्यांचा. दरी, सुरी अशा स्त्रीलिंगी नामांचे अनेकवचन तसेच होते. शिवाय दुसरा, खरा, बरा ही विशेषणे आहेत आणि 'करणारा', 'जाणारा' यांसारखी प्रत्येक धातूपासून होणारी कृदन्ते आहेत. म्हणजे कोणत्याही मराठी मजकुराची दोन-चार वाक्ये वाचली की हा र भेटल्यावाचून राहत नाही. हिंदीत 'दूसरा' याचे सामान्यरूप 'दूसरे' होते; तेथे 'य'चा प्रवेशच होत नाही, म्हणून हिंदीला या आकृतीची गरज भासत नाही. देवनागरी ही हिंदीची लिपी असे गृहीत धरून बांधलेल्या कोणत्याही व्यवस्थेत मराठीचा हा कोपरा अंधारात राहण्याचा संभव होता, तो यामुळेच.

छापखान्यात हा प्रश्न उद्भवत नसे. खिळे जुळविणारा कामगार शब्द वाचीत असे, अर्थ जाणीत असे, आणि योग्य त्या घरातून योग्य तो खिळा उचलीत असे. भाषेचे ज्ञान जुळाऱ्याच्या डोक्यात होते. खिळ्याला ते असण्याचे कारण नव्हते. संगणकावरील पहिल्या काही मराठी टंकांची घडण या खिळ्यांसारखीच होती. अक्षरांचे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांवर ठेवलेले असत आणि टंकलेखक ते एकापुढे एक मांडीत जाई. अशा पानावर 'दऱ्या' शुद्ध दिसे. परंतु टंक बदलला की त्याच क्रमांकांवर दुसरेच तुकडे येत आणि मजकुराचा चिखल होई. ज्यांनी त्या काळातले आपले प्रबंध जुन्या चकत्यांवर जपून ठेवले असतील त्यांना या चिखलाची ओळख आहे.

यावर उपाय म्हणून आकृतीऐवजी वर्णाला क्रमांक देण्याची कल्पना पुढे आली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या प्रेरणेने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेतावली १९८० नंतरच्या दशकात तयार झाली. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या सहभागाने घडलेले जिस्ट हे तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले, आणि १९९१ साली इस्की ही संकेतावली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी प्रकट झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरून घेतला.

या संकेतावलीत मराठीच्या अर्ध्या 'र'ची व्यवस्था ज्या रीतीने लागली ती भाषेच्या अभ्यासकास मौजेची वाटावी. देवनागरीच्या तक्त्यात ०९३१ या क्रमांकावर 'ऱ' हा वर्ण आहे. त्याच्यापुढे युनिकोडने दिलेली टीप सांगते की, हा वर्ण द्राविडी भाषांतील वर्त्स्य र लिहून दाखविण्याकरिता आहे, आणि त्याचे अर्धे रूप मात्र 'पापणीचा र' म्हणून काढावयाचे आहे. पापणीचा र हे इंग्रजी कागदपत्रांत रूढ झालेले मराठीच्या आडव्या 'र'चे नाव होय. तमिळचा उच्चार टिपण्यासाठी ठेवलेल्या वर्णाचा पाय मोडला की मराठी शेतकऱ्याचा र मिळतो! उच्चाराच्या दृष्टीने या दोहोंचा काही संबंध नाही. तक्त्यात एक जागा होती, तिचे अर्धे रूप मोकळे होते, ते मराठीला दिले गेले.

येथेच थांबले असते तर ठीक होते. परंतु १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने हाच आकार काढण्याचा निराळा मार्ग सांगितला : साधा र, त्यापुढे हलन्तचिन्ह, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक, ज्याला स्वतःची रुंदी नाही व जो केवळ मागल्या-पुढल्या अक्षरांना खूण देतो. पुढील आवृत्त्यांनी इस्कीला अनुसरून 'ऱ'चा मार्ग नियम म्हणून मांडला आणि जोडकाचा मार्ग दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा एवढ्यासाठी कायम ठेवला. अशा रीतीने 'दऱ्या' हा शब्द यंत्रात दोन प्रकारे लिहिता येऊ लागला आणि दोन्ही प्रकार शास्त्रशुद्ध ठरले.

वर्णाला क्रमांक दिल्यावर आकृतीचे ओझे दुसऱ्या कोणावर तरी पडणे अपरिहार्य होते. द, र, हलन्त, य, आ अशी क्रमांकांची ओळ पाहून रफार कोठे बसवावा, वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी न्यावी, कोणते दोन वर्ण मिळून एक जोडाक्षर करावे, हे ठरविणारा कार्यक्रम हवा. जुळाऱ्याच्या डोक्यातले ज्ञान आता लिहून काढावयाचे होते. या कामास अक्षरजुळणी म्हणता येईल. ती प्रत्येक कार्यक्रमाने स्वतंत्रपणे करणे शहाणपणाचे नाही. म्हणून ती एकदाच लिहून इतर कार्यक्रमांना उसनी देण्याची पद्धत पडली. अशा उसन्या देता येणाऱ्या आज्ञांच्या संचास संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणतात. तेथे पुस्तकांऐवजी कामे ठेवलेली असतात व ज्याला हवे त्याने ती मागून घ्यावयाची असतात.

अशा लायब्रऱ्या बहुधा सी या भाषेत लिहिल्या गेल्या, याला कारण आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेली ही भाषा १९८९ साली अमेरिकेत मानकबद्ध झाली, आणि ती समजणारा अनुवादक नाही असे यंत्र सापडणे कठीण झाले. शिवाय इतर भाषांत लिहिलेले कार्यक्रम सीमधील कामांना हाक मारू शकतात. म्हणून सीमध्ये लिहिलेले काम विंडोज, मॅकिन्टॉश, लिनक्स अशा परस्परांशी न पटणाऱ्या प्रणालींवरही थोड्या फेरफाराने चालते. टंकांतील आकृत्या पडद्यावर उतरविणारी फ्रीटाइप ही लायब्ररी डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये हाती घेतली तेव्हा ती प्रथम पास्कल भाषेत होती. पुढे ती सीमध्ये आणावी लागली, आणि मगच तिचा सर्वत्र प्रसार झाला.

फ्रीटाइपमध्ये ओपनटाइप टंकांतील जोडाक्षरांचे तक्ते वाचणारा एक भाग होता. प्रस्तुत इतिहासाचा उगम तेथे आहे. त्या भागाची एक प्रत पँगो या लायब्ररीत गेली. रॅफ लेव्हियन व ओवेन टेलर यांचे दोन निराळे प्रयत्न २००० च्या आरंभी एकत्र येऊन पँगो झाली होती, आणि तिच्या नावात ग्रीकमधील 'सर्व' व जपानीतील 'भाषा' या अर्थांची पदे जोडलेली आहेत. तिची १.० ही आवृत्ती २००२ साली निघाली. त्याच भागाची दुसरी प्रत क्यूटी या संचात गेली. दोन्ही प्रती मुक्तस्रोत होत्या, म्हणजे त्यांचा मूळ पाठ कोणीही वाचावा, बदलावा व वाटावा अशी परवानगी होती. परंतु मोकळीक मिळाली म्हणून एकवाक्यता येत नाही. एका प्रतीत दुरुस्त केलेला दोष दुसऱ्या प्रतीत तसाच राही. जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यास हे दृश्य परिचित वाटेल : मूळ एक, शाखा दोन, आणि प्रत्येक शाखेत निराळे पाठभेद. त्यात विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबने देवनागरीची स्वतःची जुळणी आणली होती आणि अ‍ॅपलची पद्धत तिसरीच होती. एकच मराठी धारिका एका यंत्रावर नीट दिसे व दुसऱ्यावर विस्कटे, याची कारणे या परिस्थितीत होती.

पँगो व क्यूटी यांतील शाखा २००६ च्या सुमारास एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न झाला. त्यातून हार्फबझ ही लायब्ररी आकारास आली. तिचे प्रवर्तक बेहदाद इस्फाहबोद हे इराणमध्ये जन्मलेले, टोरांटोत शिकलेले संगणकतज्ज्ञ. ते प्रथम रेड हॅटमध्ये व पुढे गूगलमध्ये काम करीत होते. लायब्ररीचे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे, ओपनटाइप या नावाचेच फारसी रूप. 'त्याने तोंडातून हरफ काढला नाही' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो याच शब्दाचा उच्चार करतो. दगाबाजमधला बाज मात्र निराळा, त्याचा या उघड्या बाजाशी घोटाळा होऊ नये.

जुनी प्रत डागडुजीला येणारी नाही असे दिसल्यावर इस्फाहबोद यांनी तिचे लेखन जवळजवळ नव्याने केले. ही नवी हार्फबझ अंतर्यामी सी++ मध्ये आहे, पण तिचे दर्शनी दार शुद्ध सीचे आहे आणि सी++ च्या मानक लायब्ररीवर ती विसंबत नाही. घर कसेही बांधले तरी दार असे ठेवावे की कोणत्याही पाहुण्याला आत येता यावे, असा हा विचार आहे. परवानाही तितकाच सैल ठेवला. एमआयटी धर्तीच्या त्या परवान्यामुळे खाजगी कंपन्यांनाही ती लायब्ररी आपल्या मालात घालण्यास अडचण राहिली नाही.

भारतीय लिप्यांच्या जुळणीचे मुख्य काम २०११ व २०१२ या वर्षांत झाले, आणि त्याची रीत येथे थोडी विस्ताराने पाहण्याजोगी आहे. विकिपीडियाच्या मजकुरांतून प्रत्येक लिपीतील शब्दांच्या मोठ्या याद्या काढण्यात आल्या. देवनागरीच्या यादीत सात लाखांहून अधिक शब्द होते. प्रत्येक शब्द एकदा युनिस्क्राइबकडून व एकदा हार्फबझकडून जुळवून घ्यावयाचा, दोहोंनी निवडलेल्या आकृत्या ताडून पाहावयाच्या, आणि जेथे भेद दिसेल तेथे कारण शोधावयाचे. भेद उरलेले शब्द अखेरीस दर हजारी एकाच्याही खाली आले. मोझिलाचे जॉनथन क्यू आदींचा या कामाला हातभार होता. परिश्रमाच्या दृष्टीने हे काम असामान्य होय.

तथापि त्यातील एक गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. येथे प्रमाण मानले गेले ते कोणाचेही व्याकरण नव्हे. ज्याचा मूळ पाठ बंद आहे अशा दुसऱ्या एका कार्यक्रमाचे वर्तन हेच प्रमाण ठरले. युनिस्क्राइबने जे केले ते बरोबर, हे सूत्र. टंक बनविणारे सर्वजण विंडोजवर पाहूनच टंक बनवीत, त्यामुळे व्यवहारात दुसरा मार्गही नव्हता. पण सूत्राचा परिणाम असा की, ज्या प्रश्नांवर मराठी वैयाकरणांनी शंभर-दीडशे वर्षे वाद घातले त्यांचा निर्णय यंत्रापुरता त्यांच्या अनुपस्थितीत झाला. कोणी त्यांना डावलले असे नाही. मुक्तस्रोत लायब्ररीची चर्चा उघड्यावर चालते, ज्याला दोष दिसेल त्याने तो कळवावा अशी तेथे प्रथा आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांना ते दार उघडे असल्याची वार्ता नव्हती, एवढेच.

लायब्ररीने नियम जाणला तरी टंकात आकृती नसेल तर ती काढणार कोठून? हा दुसरा अर्धा भाग पुण्यात पार पडला. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातील कंपनीने घडविलेले लोहित टंक रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट या नावावरचा हा संस्कृत श्लेष. पुढे प्रत्यक्ष वापरात आणखी एक बारकावा पुढे आला. मराठी वळणाचे ल व श हे हिंदी वळणाहून निराळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमालेची जी प्रमाण रूपे ठरविली त्यांत ही मराठी वळणे आहेत. ओपनटाइप टंकात दोन्ही वळणे ठेवता येतात. पण मजकूर मराठी आहे असे लायब्ररीला कोणीतरी सांगावे लागते. सांगितले तर ती मराठी वळण उचलते, न सांगितले तर टंकाचे नेहमीचे वळण येते. पुष्कळ मराठी मजकूर भाषेची अशी खूण न लावताच लिहिला जातो, आणि मग यंत्र मराठीला हिंदी वळण देते म्हणून तक्रार होते. तो दोष लायब्ररीचा नसतो.

२०१३ साली झीटेक्ने आणि लिनक्सवरील लिबरऑफिसने हार्फबझ स्वीकारली. २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती निघाली. २०१७ च्या लिबरऑफिस ५.३ पासून त्या संचाने सर्व प्रणालींवर तीच वापरण्यास आरंभ केला. फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड यांच्या पोटातही ती आहे. मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅपल यांनी आपापली स्वतंत्र यंत्रणा ठेवली, हे खरे. तरी डोळखांबच्या बाजारात हातात दिसणाऱ्या अँड्रॉइड दूरध्वनींवर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द ज्या नियमांनी जुळतो त्याच नियमांनी तो मुंबईतील संगणकावरच्या क्रोममध्ये जुळतो.

आता 'दऱ्या'च्या दोन लेखनांकडे वळावयास हवे. हार्फबझ ही दोन्ही लेखने युनिकोडच्या नियमाप्रमाणे मान्य करते आणि चांगला टंक असल्यास दोहोंची एकच आकृती काढते. वाचकाच्या डोळ्यास त्यांत काहीही भेद दिसत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' ही स्वतंत्र कळ असल्याने ती वापरणारा पहिल्या मार्गाने जातो. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविणाऱ्या काही साधनांतून जोडकाचा मार्ग येतो. मराठी विकिपीडियात व वृत्तपत्रांच्या संग्रहांत दोन्ही मिसळलेले आहेत. युनिकोडची प्रमाणीकरणाची रीत ही दोन रूपे एक करीत नाही. म्हणून शब्दांची वारंवारता मोजणारा कार्यक्रम 'शेतकऱ्याला' हा एकच शब्द दोन शब्द म्हणून मोजतो, आणि एका रूपाने केलेला शोध दुसऱ्या रूपातील नोंदीपर्यंत पोचेलच अशी खात्री नसते.

याहून गंभीर प्रकार अदृश्य जोडक गळण्याचा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते निरुपयोगी, अशा समजुतीने पुष्कळ कार्यक्रम मजकूर साफ करताना असली चिन्हे काढून टाकतात. जोडक गेला की उरतो साधा र आणि हलन्त. त्याचा रफार होतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि आचाऱ्याचा आचार्य. 'ऱ'चा मार्ग तुलनेने सुरक्षित आहे, पण निर्धोक नाही. लुसीन या मुक्तस्रोत शोध-लायब्ररीतील हिंदीसाठी केलेला प्रमाणीकरणाचा भाग 'ऱ'चा 'र' करतो व जोडकही वगळतो. हिंदीपुरते ते रास्त आहे. तोच भाग मराठी मजकुरावर सोयीखातर चालविला तर दोन्ही मार्ग एकदमच बंद होतात.

'ॲ'ची गोष्ट याच्या उलट घडली. या वर्णास २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यापूर्वी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. हे जुने लेखन वापरू नये असे युनिकोड सांगते, आणि हार्फबझने पुढे तो नियम अमलात आणून अशा 'अ' आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखविण्यास सुरुवात केली. जुन्या मराठी पानांवर 'ॲड.' या उपाधीत मध्येच वर्तुळ उमटलेले पाहून वाचक चिडतात. पण ते वर्तुळ लेखनातला दोष उघड करते. अर्ध्या 'र'च्या बाबतीत दोन्ही लेखने विहित असल्याने लायब्ररीला वर्तुळ दाखविण्याचा अधिकार नाही. ती दोहोंवर सारखेच सुंदर आवरण घालते.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांतील गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांचा खातेदार आपले नाव यंत्रात शोधतो तेव्हा त्याच्या पुढ्यात असलेले अक्षर आणि नोंदीतले अक्षर दिसावयास एकच असेल. आतली क्रमांकांची ओळ एकच असेल की नाही हे नाव कोणत्या कळफलकाने चढविले गेले त्यावर अवलंबून राहील.

डोळखांब परिसरातील कातकरी व ठाकरी बोलींचे नमुने गोळा करण्यास निघालेल्या विद्यार्थ्याने मराठीतील वाक्ये व अर्थ लिहिताना हीच काळजी घ्यावयाची आहे. संग्रह मोजणीस देण्यापूर्वी र, हलन्त व जोडक ही त्रयी जेथे जेथे आढळेल (मराठीत ती मुख्यतः 'य' व 'ह' यांच्यापूर्वी आढळते) तेथे तिच्या जागी 'ऱ' व हलन्त घालावे, आणि हे काम मजकुरातील कोणतेही अदृश्य चिन्ह काढून टाकण्याच्या आधी उरकावे. क्रम उलटला तर 'कातकऱ्यांच्या दऱ्या' असे टिपलेले वाक्य यंत्रात रफार घेऊन बसेल, आणि ते मुळात तसे नव्हते हे सांगणारी खूण मजकुरात कोठेही उरणार नाही.